नगराचा वैद्य आणि इतवारीची नाडी

वसंत ऋतू आणि व्याख्यान यांचे नाते महाराष्ट्रात जुने आहे. महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी एकत्र बसून चार शहाण्या माणसांचे विचार ऐकावयाचे, ही रीत हळूहळू गावोगाव पसरली. आमच्या नागपुरात तर व्याख्यानाला याखेरीज दुसरी वेळच नाही. दुपारी रस्ते ओस पडतात, दुकानदार पडदे सोडून आत बसतात. दिवेलागणीला अंगणात पाणी शिंपडले म्हणजे मग कोठे शहर बोलू लागते. त्या बोलण्याला काही वळण लागावे म्हणून ही व्याख्याने असतात.

अशा व्यासपीठांवर इतिहाससंशोधक येतात, संतवाङ्मयाचे अभ्यासक येतात, डॉक्टर येतात, अर्थशास्त्रज्ञ येतात. परंतु ज्याच्या रेघेवर आमचे घर उभे राहते आणि ज्याच्या नकाशावर आमचा रस्ता रुंद किंवा अरुंद होतो, तो वास्तुशिल्पी तेथे क्वचितच येतो. याचे कारण असे की, घर बांधणे ही गवंड्याशी आणि पैसे देणाऱ्याशी बोलण्याची गोष्ट आहे, चारचौघांत बोलण्याची नव्हे, असा आपला समज आहे. शहर वसविणे ही तर त्याहूनही दूरची, कचेरीतली गोष्ट. हा समज खरा नाही. वास्तुशिल्पी आणि नगररचनाकार जेव्हा सामान्य नागरिकांसमोर उभे राहून बोलले, तेव्हा काय घडले, याचा थोडा इतिहास आम्ही येथे सांगणार आहोत. त्यातले पहिले पान आमच्या नागपूरचेच आहे.

१९१५ च्या सुमारास एक दाढीधारी, साठी गाठलेला स्कॉटिश गृहस्थ आपले प्रदर्शन घेऊन नागपुरास आला. पॅट्रिक गेडीस हे त्यांचे नाव. त्यांनी येथे शहरे आणि नगररचना या विषयावरील प्रदर्शन मांडले, शहर पाहिले आणि नागपूरच्या नगररचनेवर नगरपालिकेसाठी एक अहवाल लिहिला. गेडीस शिक्षणाने वास्तुशिल्पी नव्हते. ते मुळात जीवशास्त्रज्ञ, टी. एच. हक्सले यांच्या हाताखाली शिकलेले आणि वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नाव मिळविलेले. पण विसाव्या शतकात जगभर ज्यांना नगररचनाशास्त्राचे आद्य आचार्य म्हणून मानले गेले, त्यांत त्यांची गणना होते. आणि आजचे वास्तुशिल्पीही त्यांना आपल्याच कुळातले समजतात.

त्यांचा हा मार्ग कसा बदलला, ते ध्यानात घेण्यासारखे आहे. १८८६ साली विवाह झाल्यावर थोड्याच काळात ते पत्नी ॲना यांच्यासह एडिंबरोच्या जुन्या शहरातील जेम्स कोर्ट नावाच्या, अत्यंत गलिच्छ झालेल्या चाळवजा वस्तीत राहावयास गेले. प्रतिष्ठित लोक जेथून निघून गेले होते, तेथे हे प्राध्यापक आपण होऊन गेले. तेथे त्यांनी भाषणे केली नाहीत. आधी स्वतः झाडू हाती घेतला, भिंतींना चुना लावला, खिडक्यांत फुलझाडे ठेविली. आणि मग शेजाऱ्यांना हाताशी धरून एकेक कोपरा सुधारीत नेला. मोडकळीस आलेले एखादे घर पाडून त्याच्या जागी लहानसे मोकळे आवार केले, बाकीची घरे दुरुस्त केली. पुढे आयुष्यभर त्यांनी जे जे सांगितले, त्याचे मूळ या अनुभवात आहे.

१९१४ साली मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून ते हिंदुस्थानात आले. त्यांचे प्रदर्शन, म्हणजे निरनिराळ्या देशांतील शहरांचे नकाशे, चित्रे व आराखडे, दुसऱ्या जहाजातून मागाहून यावयाचे होते. पण पहिले महायुद्ध सुरू झाले होते. 'एम्डेन' या जर्मन युद्धनौकेने ते जहाज बुडविले आणि कित्येक वर्षांचा संग्रह समुद्राच्या तळाशी गेला. दुसरा कोणी हताश होऊन परत गेला असता. गेडीस यांच्या मित्रांनी विलायतेत घाईघाईने नवा संग्रह जमवून पाठविला आणि १९१५ मध्ये प्रदर्शन मद्रासेत उघडले. पुढे ते कलकत्त्यास व नागपुरासही मांडले गेले. गेडीस स्वतः लोकांबरोबर फिरत, एका चित्रापाशी थांबत आणि बोलू लागत. त्यामुळे पाहणारा हळूहळू आपल्याच गावाविषयी विचार करू लागे.

त्या काळी शहर सुधारणे याचा सरकारी अर्थ एकच होता. प्लेगच्या साथींनी इलाख्या-इलाख्यांत हाहाकार केला होता. जुनी वस्ती म्हणजे रोगाचे घर. तेव्हा ती पाडावी, तिच्यातून नाकासमोर सरळ रुंद रस्ता काढावा, म्हणजे हवा खेळेल व रोग जाईल, असे इंजिनिअर मंडळींचे मत होते. त्या मतात काहीच तथ्य नव्हते, असे आम्ही म्हणत नाही. पण गेडीस यांनी एक साधा प्रश्न विचारला. ज्यांची घरे पाडाल ते लोक कोठे जातील? ते शेजारच्या गल्लीत जाऊन दाटीने राहतील, म्हणजे एका गल्लीतला रोग दुसरीत नेल्यासारखे होईल. पैसा खर्च होईल, संसार मोडतील आणि गर्दी होती तेवढीच राहील.

यावर त्यांचा उपाय वैद्यकातून घेतलेला होता. आधी निदान, मग उपचार. रोग्याची नाडी न पाहता औषध देणारा वैद्य आपण घरात घेत नाही. मग गल्लीबोळांतून पायी न हिंडता, लोक कोठे पाणी भरतात, मुले कोठे खेळतात, गुरे कोठे बांधतात हे न पाहता शहराचा नकाशा रेखणारा माणूस आपण का स्वीकारावा? आणि शस्त्रक्रिया करावीच लागली, तर ती जपून करावी. एखादे पडके घर काढून तेथे चार झाडे लावावी, तुंबलेला बोळ दोन हातांनी मोकळा करावा, विहिरीभोवती फरशी घालावी. तंजावर, मदुरा अशा ठिकाणी त्यांनी नकाशे काढून दाखवून दिले की, सरळ रस्ता पाडण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी स्वस्त पडतो आणि पुष्कळ कमी माणसे घराबाहेर जातात. तळ्यांच्या बाबतीतही त्यांचे म्हणणे असेच होते. डास होतात म्हणून तळे बुजवू नका. ते स्वच्छ ठेवा, त्यात मासे आणि बदके सोडा. ज्या नागपुरात जुम्मा तलाव, म्हणजे आजचा गांधीसागर, आहे, त्या नागपूरकराला हे वेगळे समजावून सांगावयास नको.

गेडीस यांची एक त्रिसूत्री प्रसिद्ध आहे: स्थान, काम आणि लोक. कोणतेही गाव समजून घ्यावयाचे तर जागा कशी आहे, तेथे काम कोणते चालते आणि माणसे कोण आहेत, या तीन गोष्टी एकत्र पाहिल्या पाहिजेत. एकीला सोडून दुसरी कळत नाही. ही त्रिसूत्री आम्ही आमच्या इतवारीला लावून पाहिली, तेव्हा तिचा अर्थ आम्हाला पुस्तकातल्यापेक्षा अधिक कळला.

देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने अठराव्या शतकाच्या आरंभी, १७०२ च्या सुमारास, बारा वाड्या एकत्र करून नागपूर वसविले. पुढे भोसल्यांच्या राजवटीत ते राजधानीचे शहर झाले. राजा, सरदार आणि मानकरी महालात राहिले. व्यापाराने इतवारी धरली. इतवारी, सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी: आमच्या वस्त्यांची नावे वाचली तर कोणी पंचांगच जमिनीवर अंथरले आहे असे वाटते. वस्तीचे नाव बाजाराच्या वारावरून पडले, म्हणजे येथे काम आधी आले आणि घर त्याच्या मागून आले.

म्हणून इतवारीचे घर हे नुसते राहण्याचे घर नव्हते. खाली दुकान किंवा पेढी, मागे कोठार, वर माडी. रस्त्याकडची खिडकी गिऱ्हाइकासाठी आणि मिरवणुकीसाठी. स्वयंपाकघर आतल्या चौकाकडे वळलेले. सागवानी खांबांवर तुळया, त्यांवर पाटणी, वर कवेलू. चौकात तुळस आणि वर आकाशाचा चौकोनी तुकडा. वैशाखात दुपारी बाहेर अंगाची लाही होत असता चौकाभोवतीच्या ओसरीवर बसवत असे, कारण जाड भिंती ऊन आत येऊ देत नसत आणि तापलेली हवा चौकातून वर निघून जाई. कोष्ट्यांच्या आळ्यांत तर माग हाच घराचा मालक. आधी मागाला जागा, ताण्याला जागा. उरेल त्यात माणसांनी राहावयाचे. ही घरे कोणा वास्तुशिल्प्याने कागदावर काढली नव्हती. गवंडी, बेलदार आणि ज्याला आमच्याकडे वाढई म्हणतात तो सुतार, यांनी मालकाशी ओट्यावर बसून बोलता बोलता ती उभी केली. मुलाचे लग्न ठरले की एक खोली वाढे. व्यापार वाढला की एक मजला चढे.

या घरांचे गुण गाताना त्यांचे दोष झाकावे असे आम्हाला वाटत नाही. लाकडाला आगीचे भय असते. काळ्या दगडाचा आणि कोरीव लाकूडकामाचा भोसल्यांचा मोठा राजवाडा १८६४ साली आगीत जळून गेला. माडीवरच्या कित्येक खोल्यांत उजेड नव्हता. ज्या चौकाचे आम्ही कौतुक केले, त्याच्या कडेच्या अंधाऱ्या बाळंतिणीच्या खोलीत आमच्या आज्या-पणज्यांनी काय सोसले, हे त्या सांगत असत. जुन्याविषयी लिहिणाऱ्याने एखाद्या पावसाळ्यापूर्वी स्वतः घर शाकारून पाहावे, म्हणजे लेखणी जपून चालेल. गेडीस यांना हे ठाऊक होते. 'जुने ते सोने' असे ते म्हणत नव्हते. सोने कोणते आणि गाळ कोणता हे जवळ जाऊन पाहा, एवढेच ते म्हणत होते.

आता नागपूर क्षणभर सोडून इंदुरास जाऊ. कारण गेडीस यांच्या शिकवणुकीचा सर्वांत रंगतदार प्रयोग तेथे झाला आणि त्याचा इतवारीशी जवळचा संबंध आहे, असे आम्हाला वाटते. तिसरे तुकोजीराव होळकर यांच्या काळात, १९१७-१८ मध्ये, गेडीस इंदूर शहराच्या पाहणीसाठी तेथे राहिले होते. हातात नकाशा घेऊन ते गल्लीतून जाऊ लागले की बायकामुले घरात पळत. चौकशी करता कळले की, प्लेग आणणारा म्हातारा साहेब तो हाच, अशी त्यांची ख्याती झाली होती! नकाशा घेऊन आलेला साहेब म्हणजे घर पाडणारा साहेब, हे लोकांनी अनुभवाने ओळखले होते. येथे जाहीर व्याख्यान देऊन काय होणार? ज्याला पाहून श्रोते पळतात त्या वक्त्याने बोलावे तरी कोणाशी?

तेव्हा गेडीस यांनी दरबाराची संमती घेतली; एका दिवसापुरते ते इंदूरचे महाराजा झाले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले आहे. त्यांनी दिवाळीत एक मिरवणूक काढण्याचे ठरविले आणि दवंडी पिटविली: मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही, ज्या रस्त्यांवरची घरे सर्वांत स्वच्छ व दुरुस्त असतील, त्या रस्त्यांनी जाईल. मग काय विचारता! घरोघर झाडलोट सुरू झाली, भिंती रंगल्या, वर्षानुवर्षे साचलेला कचरा गाड्या भरभरून गावाबाहेर गेला. मिरवणुकीत हत्ती-घोडे होते. पण त्यांच्यामागे रावणासारखा प्रचंड घाणासुर होता आणि त्याच्याजवळ प्लेगचा भला मोठा उंदीर. त्यांच्यामागून शहराचे झाडूवाले आले. अंगात पांढरी शुभ्र वस्त्रे, डोक्यास नवी पागोटी, झाडूंना फुलांच्या माळा. ज्यांची सावली टाळली जात होती, ते त्या दिवशी मानाच्या जागी चालत होते. त्यानंतर नगरदेवता आली, कारागीर आले, आणि शेवटी तुळशीची रोपे वाटली गेली. रात्री घाणासुर आणि उंदीर यांचे दहन झाले. त्यानंतर म्हातारा साहेब गल्लीत आला, तर लोक पळेनासे झाले.

ही हकिकत वाचताना नागपूरच्या माणसाला हसू येईल. कारण असली मिरवणूक त्याच्या ओळखीची आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आमच्याकडे मारबत निघते. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते, असे सांगतात. रोगराई, खोकला, डास, सगळी इडापिडा घेऊन जा, अशा आरोळ्या मारीत लोक बांबू-कागदाचे ते अजस्र पुतळे नेतात. दोघींची भेट इतवारीत नेहरू पुतळ्याजवळ होते. बरोबर बडगे असतात आणि त्या वर्षी जे जे लोकांना जाचले असेल, त्यावर त्या बडग्यांत टोमणे असतात. गेडीस यांनी घाणासुर जाळला, त्याच्या तीन तपे आधीपासून इतवारी हे करीत होती. यावरून इतवारी शहाणी आणि साहेब मागाहून शिकला, असा फुशारकीचा निष्कर्ष काढावयाचा नाही. निष्कर्ष निराळा आहे. लोकांना रोग आणि घाण यांचा अर्थ कळत नाही असे नाही. त्यांची स्वतःची भाषा असते आणि तिच्यात ते त्यांविषयी बोलत असतात. गेडीस यांनी ती भाषा ओळखून तिच्यातच उत्तर दिले. मात्र एक फरकही सांगितला पाहिजे. आम्ही मारबत जाळतो आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यावरचा कचरा झाडूवाल्यावर सोपवून मोकळे होतो. इंदुरात कचरा आधी गेला आणि पुतळा नंतर जळला.

त्याच इंदुरात १९१८ साली हिंदी साहित्य संमेलन भरले, महात्मा गांधी अध्यक्ष होते. गेडीस यांनी संमेलनाच्या मांडवावर टीका करणारे पत्र गांधीजींना लिहिले आणि गांधीजींनी त्याला उत्तरही पाठविले. व्याख्यान कोणत्या जागेत, कशा आसनांवर बसून ऐकले जाते, हीदेखील वास्तुशिल्पाचीच गोष्ट आहे, हे आमच्या मांडव घालणाऱ्या मित्रांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पुढे १९१९ पासून १९२४ पर्यंत गेडीस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. मालवणात जन्मलेले गोविंद सदाशिव घुर्ये हे त्यांचे विद्यार्थी. एक शहर या दृष्टीने मुंबईवर घुर्ये यांनी लिहिलेला निबंध गेडीस यांना आवडला. त्यामुळे घुर्ये यांना विलायतेस जाण्याची संधी मिळाली आणि १९२४ नंतर तोच विभाग त्यांनी नावारूपास आणला. म्हणजे भारतीय समाजशास्त्राची एक मोठी परंपरा या शहरवेड्या माणसाच्या वर्गातून निघाली. वक्ता म्हणून मात्र गेडीस यांची ख्याती चांगली नव्हती. ते दाढीत पुटपुटत बोलत, एका विषयातून दुसऱ्यात जात, आणि मागच्या बाकांवरच्यांना काहीच ऐकू येत नसे. त्यांचे लिहिणेही पाल्हाळिक. त्यांचे बहुतेक अहवाल कचेऱ्यांच्या कपाटांत पडून राहिले, याला इंजिनिअरांचा विरोध जसा कारण झाला, तसे हेही कारण असावे. खऱ्या विचारालाही ऐकू जाईल असा आवाज लागतो.

नागपुरात पुढे काय झाले? १९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास अस्तित्वात आला आणि शहर मोठ्या प्रमाणावर आखले जाऊ लागले. इतवारीच्या अंगाने पूर्वेस गेलेला सेंट्रल अव्हेन्यू ही त्या काळाची ठळक खूण. तो रस्ता नसता तर आजच्या नागपूरचा श्वास कोंडला असता, हे कबूल केलेच पाहिजे. त्याच रस्त्यावरून डिसेंबर २०२२ पासून मेट्रो धावू लागली आहे, आणि तिच्या एका स्थानकास चितारओळीचे नाव आहे; जेथे गणपती आणि देवी घडतात ती ही ओळ. मोठ्या रस्त्याने लहान ओळीचे नाव अंगावर मिरवावे, ही गोष्ट आम्हाला शुभसूचक वाटते. पण नाव राहणे आणि ओळ राहणे यांत अंतर आहे.

गेडीस यांचा विचार मात्र त्यांच्याबरोबर संपला नाही. १९२७ साली पुण्यात, लाकडी सामान घडविणाऱ्या एका गुजराती कुटुंबात, बाळकृष्ण दोशी यांचा जन्म झाला. आजोबांचे घर, त्यातली एकत्र कुटुंबाची वर्दळ, गरजेप्रमाणे वाढत जाणारे मजले यांच्या आठवणी ते पुढे नेहमी सांगत. १९५१ पासून त्यांनी पॅरिसमध्ये ल कॉर्ब्युझिए यांच्या हाताखाली काम केले. पुढे अहमदाबादेत स्थायिक होऊन १९६२ साली तेथे वास्तुविद्येचे विद्यालय काढले. आणि योगायोग असा की, दोशी यांचे एक मोठे लोकोपयोगी काम त्याच इंदुरात झाले, जेथे घाणासुर जळला होता. १९८० नंतरच्या दशकात इंदूरजवळ 'अरण्य' नावाची वसाहत त्यांनी आखली. साडेसहा हजारांच्या आसपास घरे, ऐंशी हजारांवर माणसांची सोय. गरीब कुटुंबाला पूर्ण घर बांधून देण्याऐवजी जोते, संडास-न्हाणी आणि एखादी खोली एवढाच गाभा द्यावयाचा. पुढचे घर त्याने आपल्या मिळकतीप्रमाणे, आपल्या गवंड्याकडून वाढवावयाचे. मध्ये लहान चौक, वळणाच्या पाऊलवाटा, ओटे. या योजनेस १९९५ साली आगाखान पुरस्कार मिळाला.

वाचकांनी हे वर्णन आमच्या इतवारीच्या घराशी ताडून पाहावे. मुलाच्या लग्नाला खोली आणि भरभराटीला मजला, हीच ती रीत. जी गोष्ट आमच्या आजोबांनी गवंड्याशी ओट्यावर बसून केली, तीच एका थोर वास्तुशिल्प्याने विचारपूर्वक, हजारो कुटुंबांसाठी केली. २०१८ साली दोशी यांना वास्तुशिल्पातला जगातील सर्वश्रेष्ठ समजला जाणारा प्रित्झकर पुरस्कार मिळाला. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. त्या वर्षी मे महिन्यात, ऐन आमच्या वसंत व्याख्यानांच्या दिवसांत, नव्वदी ओलांडलेल्या या वृद्धाने कॅनडातील टोरोंटो शहरी पुरस्काराच्या निमित्ताने जाहीर व्याख्यान दिले. २४ जानेवारी २०२३ रोजी ते निवर्तले.

टोरोंटोच्या श्रोत्यांचा आम्हाला हेवा वाटतो, पण त्याहून अधिक एक खंत वाटते. ज्या घरांतून असा विचार निघाला, ती घरे आमच्या डोळ्यांदेखत जात आहेत. वाडा जुना होतो, भाऊ वेगळे होतात, वाटण्या होतात, कोर्टाच्या तारखा पडतात, आणि एके दिवशी सागवानी खांब लाकडाच्या भावाने विकले जातात. हे आम्ही दुरून पाहिलेले नाही. आमच्याच घरचा चौक गेला. त्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत उजेड अधिक आहे, नळाला पाणी आहे, आजारी माणसाला वर नेण्यास लिफ्ट आहे. आणि वैशाखात यंत्रावाचून एक दुपार काढता येत नाही. नवे घर बांधले ही चूक नव्हे. पण बांधण्याआधी कोणी नाडी पाहिली नाही, ही चूक झाली. नकाशा करणाऱ्याने जुन्या चौकात उभे राहून वारा कोठून येतो हे विचारले नाही. आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही त्याला सांगितले नाही. खोल्या किती आणि खर्च किती, एवढेच आम्ही त्याला विचारले.

म्हणून आमची सूचना अशी आहे. वसंताच्या या व्याख्यानांत दरवर्षी एक संध्याकाळ वास्तुशिल्प्यासाठी राखून ठेवावी. मात्र त्याने संध्याकाळी बोलावयाचे असेल तर त्या दिवशी सकाळी उन्हे चढण्यापूर्वी त्याने आमच्याबरोबर इतवारीतून पायी हिंडले पाहिजे: सराफ्यातून, धान्याच्या बाजारातून, कोष्ट्यांच्या आळ्यांतून, गांधीसागराच्या काठापर्यंत. आणि व्याख्यान संपल्यावर पहिला प्रश्न विचारण्याचा मान अध्यक्षांना न देता, जो रोज पहाटे ही गल्ली झाडतो त्याला द्यावा. इंदुरात तो मिरवणुकीत मानाने चालला. आमच्या सभेत त्याला निदान बोलू द्यावे. गल्ली कोठे तुंबते हे त्याच्याइतके कोणास ठाऊक असणार?